आयुक्तसाहेब, उरलेला नदीकाठ पुणेकरांसाठी विकत घ्या

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,
शिवाजीनगर, पुणे



पुण्याच्या हद्दीत मुळा, मुठा आणि संगमानंतरची मुळा-मुठा यांच्या काठी अजून काही तुकडे असे आहेत, जिथे झाडे कोणी लावलेली नाहीत आणि पायवाटा माणसांच्या व गुरांच्या चालण्याने पडल्या आहेत. महापालिकेने ही जमीन मालकांना योग्य मोबदला देऊन विकत घ्यावी, सात-बारावर शहराचे नाव लावावे आणि त्यानंतर तिथे शक्य तितके कमी काम करावे, ही मागणी घेऊन मी हे पत्र लिहितो आहे. जाहीरपणे लिहितो, कारण ही जमीन घेतली जाणार असेल तर ती साऱ्या शहराच्या पैशाने आणि साऱ्या शहरासाठी घेतली जाईल.

नदीकाठाला आज गिऱ्हाईक नाही असे नाही. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या भागांतल्या 'रिव्हर टच' आणि 'बॅकवॉटर व्ह्यू' प्लॉटच्या जाहिराती पुण्यात बारमाही दिसतात. शनिवार-रविवारी शहरापासून दूर जावे, पाण्याजवळ बसावे, मुलांना चिखलात खेळू द्यावे, रात्री चांदणे पाहावे, ही ओढ खोटी नाही. आठवडाभर वाहतुकीत आणि कामात पिचलेल्या माणसाला ती वाटणारच. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो त्या ओढीपायी पाच-दहा गुंठे घेतो, तारेचे कुंपण घालतो, फाटक बसवतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची ओढ तेवढीच असते. फक्त त्याच्यासाठी फाटक बंद असते.

कायद्याने नदीचे पात्र साधारणतः सरकारच्या मालकीचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे २०वे कलम तसे सांगते. पण पात्रापर्यंत जाणारी वाट कोणाच्या तरी गट नंबरातून जाते. काठाच्या जमिनीला एकदा कुंपण पडले की पाणी सरकारचे राहते आणि पाण्यापर्यंत पोचण्याचा हक्क खाजगी होतो. गावच्या घाटावर गुरे नेणारा, धुणे नेणारी बाई, मासे धरणारा भोई, पक्षी पाहायला गेलेला विद्यार्थी या सगळ्यांची वाट त्या दिवशी तुटते. मुळशी-पानशेतच्या बाजूला हे आधीच फार झाले आहे. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी उभ्या राहिलेल्या लवासाची कहाणी पुण्याला नव्याने सांगायला नको. तलावाकाठच्या जगण्याचे स्वप्न विकणाऱ्या त्या शहराचे काम नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने थांबवले आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. विकत घेणाऱ्यांचे पैसे अडकले, आणि डोंगर व नदी मात्र पूर्वीसारखी झाली नाही.

शहराच्या जवळ या हौसेची किंमत कशी चुकवावी लागते, ते चिखलीत दिसले. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून विकले गेले, लोकांनी आयुष्याची बचत घालून बंगले बांधले आणि हरित न्यायाधिकरण व सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर मे २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने ते ३६ बंगले पाडले. ती घरे पडताना पाहून कोणालाही आनंद झाला नसेल. पण तिथे मुळात जमिनीचे प्लॉट पडले, त्याच दिवशी हा शेवट लिहिला गेला होता.

निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे. इथे आपली धोरणे एक गोष्ट विसरतात. बांधकामाला मनाई केल्याने झाड वाचत नाही. ज्या मालकाला आपल्या जमिनीवर घर बांधता येत नाही, त्याच्यासमोर त्या जमिनीतून चार पैसे मिळवण्याचे थोडेच मार्ग उरतात. राडारोड्याच्या गाड्यांना जागा द्यायची, भराव टाकून जमीन उंच करायची, पत्र्याचे शेड, लग्नाचे लॉन, वाहनतळ किंवा भंगाराचे गोदाम भाड्याने द्यायचे. एकेक ट्रक रिकामा होतो, काठ वर येतो, पात्र आखडते. काही वर्षांनी तिथे नदीकाठ होता हे नकाशातच समजते. मालकाला दोष देऊन हे थांबणार नाही. आपण त्याला सांगितले आहे की इथे बांधू नकोस. पण हे रान राखल्याबद्दल त्याच्या हातावर काही ठेवलेले नाही. अशा जमिनीला प्रामाणिक गिऱ्हाईक एकच असू शकते, ते म्हणजे शहर.

आता काय उरले आहे ते सांगतो.

भूगावजवळच्या खाटपेवाडीतून निघणारी रामनदी बावधन, पाषाण, बाणेर करत औंध-बाणेरच्या सीमेवर मुळेला मिळते. या राम-मुळा संगमाच्या आसपास काठावरचे जुने रान अजून टिकून आहे. वाळुंजाची झाडे पाण्यावर ओणवी झाली आहेत. करंज, उंबर, जांभूळ यांनी काठ धरून ठेवला आहे. उन्हाळ्यातही काठातून झरे पाझरतात. नदीत शहराचे सांडपाणी वाहत असताना काठातून स्वच्छ पाणी झिरपत राहावे, ही गोष्ट प्रत्येक पुणेकराने एकदा तरी डोळ्यांनी पाहावी अशी आहे. 'जीवितनदी'सारख्या संस्थेचे कार्यकर्ते अनेक वर्षे इथे लोकांना घेऊन येतात, कचरा उचलतात, झाडे-पक्षी दाखवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात ही झाडे जाणार म्हटल्यावर लोक इथे मोठ्या संख्येने जमले आणि त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या.

दुसरी जागा येरवडा-कल्याणीनगरच्या बाजूची, मुळा-मुठेच्या काठची. लोक तिला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणतात. नावात अभयारण्य असले तरी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तशी अधिसूचना निघालेली नाही. पक्षिप्रेमींनी प्रेमाने दिलेले ते नाव आहे. पक्षितज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली आणि मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, धोबी येतात. हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, टिटवी, खंड्या, रातढोकरी यांचा तर इथे बारमाही वावर असतो. सभोवती इमारती, पूल, मेट्रो आणि मधोमध हे पाणथळ रान. त्यातली काही जमीन खाजगी मालकीची आहे, म्हणून भराव, जाळपोळ आणि रस्त्याचे प्रस्ताव यांचे सावट या जागेवरून कधीच पूर्णपणे हटत नाही.

अशा आणखी जागा समाविष्ट गावांत आहेत. जून २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली आणि शहर पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. त्यात मुठेकाठची खडकवासला, नांदेड, कोंढवे-धावडे, कोपरे आहेत. मुळेकाठचे म्हाळुंगे आहे. खाली मुळा-मुठेवरचे मांजरी बुद्रुक आहे. इथे काही ठिकाणी अजून शेत, बाभळीचे बन आणि नदी एकमेकांना लागून आहेत. मध्यवर्ती पुण्यात पन्नास वर्षांपूर्वी जे करता आले असते आणि केले गेले नाही, ते या गावांत आज करता येईल. पाच-सात वर्षांनी तेही हातचे जाईल.

शहराचा पैसा करमणुकीवर का घालवायचा, असे आपल्याला कोणी विचारेल. मी म्हणेन, ही करमणूक शहराच्या आरोग्याचा भाग आहे आणि तिची टंचाई माणसांचे जीव घेते आहे. पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सिंहगडाचा घाट, खडकवासल्याची चौपाटी, लोणावळा, भुशी यांच्याकडे जाणारे रस्ते पाहा. लाखोंना पाणी आणि हिरवाई हवी आहे आणि ती मोजक्या ठिकाणी मिळते. १५ जून २०२५ च्या रविवारी तळेगावजवळ इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे गेले. तो पूल धोकादायक होता आणि त्यावर एवढी गर्दी जायला नको होती, हे खरेच. पण ही माणसे पाण्याच्या ओढीने तिथे गेली होती. ज्या शहरातून नद्या वाहतात त्या शहरातल्या कुटुंबाला नदी पाहायला तीस-चाळीस किलोमीटर गाडी पळवावी लागते, यात शहराचाही काही भाग आहे.

शिवाय ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचे काय? पाटील इस्टेट, येरवडा, दांडेकर पूल, जनता वसाहत अशा वस्त्यांतल्या मुलांनी कुठे जायचे? नदी त्यांच्या सर्वांत जवळ असते आणि त्यांना ती गटार म्हणूनच माहीत होते. बंगल्यातल्या मुलाला मुळशीत वडिलांचा प्लॉट असतो. वस्तीतल्या मुलाला खेकडा, बेडूक, पाणकणीस, सुगरणीचा खोपा पाहायचा असेल तर ती जागा महापालिकेनेच राखून ठेवायला हवी. त्याला तिकीट नको, शोभेची रोषणाई नको. एक सुरक्षित पायवाट आणि दिवसा उघडे राहणारे प्रवेशद्वार पुरे.

पुराचा हिशेबही मांडायला हवा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याने जे पाहिले ते इथल्या घराघरांत सांगितले गेले आहे. तो अपघात धरणाचा होता, हे मान्य. पण २५ जुलै २०२४ ला धरण फुटले नव्हते. खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांना बोटीने बाहेर काढावे लागले. पाण्याने कोणाच्या घरावर आक्रमण केले असे म्हणण्यापेक्षा, पाणी आपल्या जुन्या जागेत परत आले असे म्हणणे खरे आहे. मोकळा, उतरता, झाडीचा काठ पुराचे पाणी काही काळ आपल्यावर घेतो, पसरू देतो, जमिनीत मुरवतो आणि वेग कमी करतो. पूर ओसरल्यावर तिथे चिखल साफ करण्याचाही खर्च येत नाही; तो गाळ त्या रानाला हवाच असतो. म्हणून शहराने विकत घेतलेला एकेक एकर नदीकाठ वर्षातले बहुतेक दिवस बाग असेल आणि पुराच्या चार दिवसांत शहराचा रक्षक असेल. एकाच रकमेत दोन कामे करणारी दुसरी मालमत्ता महापालिकेकडे नाही.

आता वेळेची गोष्ट, आणि या पत्राची घाई तिच्यामुळेच आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीची सुधारित विकास योजना राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केली. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे १२७वे कलम आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द झाले असे समजले जाते. ही मुदत आधी सहा महिने होती, मग बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस केली गेली. नुसता ठराव करणे किंवा प्रस्ताव वर पाठवणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. २०१७ च्या योजनेची दहा वर्षे २०२७ च्या सुरुवातीला पुरी होतात. नदीकाठच्या बागा, उद्याने आणि हरित पट्टे म्हणून जी आरक्षणे आज कागदावर आहेत, त्यांवर त्यानंतर नोटिसा येऊ लागतील. नोटीस आल्यावर फाइल उघडणाऱ्या कार्यालयाला चोवीस महिने पुरत नाहीत. मोजणी, मूल्यांकन, निधी, मान्यता यांतच ते संपतात. तयारी आधीपासून हवी.

पैशाची अडचण आहे, हे उत्तर मला मान्य नाही, कारण याच नदीच्या काठावर महापालिका फार मोठी रक्कम खर्च करते आहे. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे ४,७२७ कोटी रुपये आहे. त्याचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. संगम पूल ते बंडगार्डन आणि त्याच्या पुढच्या टप्प्यात काम झाले आहे. बांधीव काठ, चालण्याचा मार्ग, लावलेली झाडे लोक पाहत आहेत. या प्रकल्पावर पुण्यात मतभेद आहेत आणि ते न्यायालयांत व न्यायाधिकरणांतही गेले आहेत. ज्या ठिकाणी काठ आधीच भरावाखाली गेला होता तिथे काय करावे, यावर प्रामाणिक माणसांची मते वेगळी असू शकतात. पण जिथे काठ जिवंत आहे तिथे तो सुधारण्यासारखे काही नाही. राम-मुळा संगम आणि सलीम अली पक्षी अभयारण्य यांना या प्रकल्पाच्या बांधकामातून पूर्णपणे वगळावे आणि तिथला वाचलेला पैसा जमीन खरेदीकडे वळवावा. काँक्रीट कधीही घालता येते. शंभर वर्षांचे वाळुंज पुन्हा उभे करायला शंभर वर्षे लागतात आणि तेवढा काळ कोणत्याही निविदेत बसत नाही.

सांडपाण्याचे काम या सर्वांच्या आधी हवे, हे मी जाणतो. जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून मंजूर झालेल्या ९९० कोटींच्या योजनेत अकरा शुद्धीकरण केंद्रे आणि दिवसाला ३९.६ कोटी लिटर क्षमता धरली होती. ती मंजुरी जानेवारी २०१६ ची आहे. ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली तर नदीकाठच्या प्रत्येक एकराची किंमत वाढेल. म्हणजे आज वास येतो म्हणून स्वस्त वाटणारी जमीन नदी स्वच्छ होताच महागणार आहे. खरेदी आधी करावी, याला हेही कारण आहे.

जमीन मालकांबद्दल मला विशेष सांगायचे आहे, कारण पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे आम्ही लोक त्यांना अनेकदा विसरतो. मुळेच्या काठाने लोककल्याणाच्या नावाखाली जमीन घेण्याचा इतिहास दुःखाचा आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो याच नदीच्या वरच्या अंगाला. मुंबईला वीज मिळाली आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली. पानशेत, वरसगावच्या धरणग्रस्तांनी पुण्याला पाणी दिले आणि त्यांच्यातल्या अनेकांचे पुनर्वसन वर्षानुवर्षे रेंगाळले. पुन्हा तसे व्हायला नको. नदीकाठच्या शेतकऱ्याकडून, माळ्याकडून, जुन्या गावकऱ्याकडून जमीन घ्यायची तर त्याला तिचे पूर्ण दाम मिळाले पाहिजे आणि ते वेळेवर मिळाले पाहिजे.

टेकड्यांच्या बाबतीत आपण हा धडा शिकलो आहोत. १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्या वाचवण्यासाठी पुण्यातल्या नागरिकांनी, वंदना चव्हाण यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी जैवविविधता उद्यानाचे आरक्षण लावून धरले आणि ते मिळवले. ते फार मोठे काम होते. पण मोबदला आठ टक्के टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा, ठरला. मालकांनी तो घेतला नाही, महापालिकेच्या ताब्यात फारशी जमीन आली नाही आणि आरक्षित टेकड्यांवर बांधकामे चढत राहिली. नकाशावर हिरवा रंग भरल्याने टेकडी वाचत नाही, हे त्यातून दिसले. नदीकाठाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करू नये. रोख रक्कम, टीडीआर किंवा दोन्हींची सांगड, यांतले जे मालकाला पटेल ते द्यावे, वाटाघाटीने घ्यावे. मालकाला शेती करत राहायची असेल तर काठाची पट्टी तेवढी घेऊन वरची शेती त्याच्याकडे ठेवावी. नदीकाठी शेती असणे हेही शहराच्या भल्याचेच आहे.

नदीकाठ लोकांसाठी असा कोणी राखला आहे का, असे विचाराल तर दिल्लीकडे पाहा. तिथल्या विकास प्राधिकरणाने दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली २००२ पासून वझिराबादजवळ यमुनेच्या पूरमैदानावर सुमारे ४५७ एकरांचे जैवविविधता उद्यान घडवले. जमीन ओसाड आणि क्षारपड होती. तिथे पाणथळी आणि रान परत आणले गेले आणि हिवाळ्यात पाहुणी बदके उतरू लागली. दिल्लीला शून्यातून उभे करावे लागले. पुण्याकडे जे आहे ते फक्त टिकवायचे आहे. इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९६५ मध्ये समुद्रकिनारा विकत घेण्याची मोहीम सुरू केली, सामान्य लोकांकडून देणग्या घेतल्या आणि आज साडेसातशे मैलांहून अधिक किनारा ती लोकांसाठी सांभाळते आहे. आणि देणगीची परंपरा पुण्याला परकी नाही. बंडगार्डनच्या बंधाऱ्याला सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले होते, आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतरही आपण त्या पाण्याकाठी फिरायला जातो. महापालिकेने नदीकाठ खरेदीसाठी स्वतंत्र निधी उघडला, त्याचा हिशेब दर तिमाहीला जाहीर केला, तर पुण्यातल्या कंपन्या, गृहसंस्था आणि परदेशात गेलेले पुणेकर त्यात हातभार लावतील, असा मला विश्वास आहे.

एक शंका मला नेहमी ऐकू येते. जागा मोकळी आणि झाडीची ठेवली की तिथे दारूच्या बाटल्या, टोळकी, कचरा येतो. मग बायका-मुलांनी जायचे कसे? ही शंका खरी आहे. पण तिचे कारण झाडी नाही, राखण नसणे हे आहे. ज्या जागेचा कोणी धनी नाही तिथेच टोळकी बसतात. वेताळ टेकडी, तळजाई इथे पहाटे शेकडो माणसे, एकट्या स्त्रियासुद्धा, निर्धास्त चालतात, कारण तिथे रोज येणारे लोक आहेत आणि त्या टेकड्या आपल्या आहेत असे त्यांना वाटते. नदीकाठी दोन शिफ्टमध्ये राखणदार नेमा, काठाच्या वस्तीतल्याच माणसांना ते काम द्या, सूर्यास्ताला प्रवेश बंद करा. दिव्यांचे खांब नकोत. पक्ष्यांना अंधार लागतो. बाक चार पुरेत. फलकावर झाडा-पक्ष्यांची मराठी नावे असावीत.

म्हणून आयुक्तसाहेब, माझ्या नेमक्या मागण्या अशा आहेत.

पुण्याच्या हद्दीतल्या नदीकाठच्या ज्या पट्ट्यांत अजून नैसर्गिक झाडी किंवा पाणथळ आहे, त्यांची गट नंबर, मालकी, क्षेत्र, निळी-लाल रेषा आणि विकास योजनेतले आरक्षण यांसह यादी तयार करा आणि ती मराठीत जाहीर करा. नागरिक, महाविद्यालये आणि निसर्गसंस्था या कामाला विनामोबदला हात देतील.

राम-मुळा संगम आणि सलीम अली पक्षी अभयारण्य या दोन जागांना यादीत पहिला क्रमांक द्या. तिथली खाजगी जमीन २०२७ च्या नोटिसा येण्याआधी वाटाघाटीने घ्या. मुळेचा पलीकडचा काठ पिंपरी-चिंचवड महापालिकेचा आहे. दोन्ही आयुक्तांनी एकत्र बसून दोन्ही काठांचा एकच निर्णय करावा. नदीला दोन महापालिका कळत नाहीत.

समाविष्ट गावांच्या विकास योजनेत नदीकाठाची सलग पट्टी सार्वजनिक म्हणून दाखवा आणि तिच्या खरेदीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात करा. आरक्षण आणि पैसा एकाच दिवशी मांडा.

घेतलेली जमीन पुढे कोणत्याही आयुक्ताला, कोणत्याही सभागृहाला दुसऱ्या कामासाठी वळवता येणार नाही, अशी कायदेशीर तजवीज राज्य सरकारकडून करून घ्या. महापालिकेने घेतलेली बाग दहा वर्षांनी वाहनतळ होते, हे पुणेकरांनी पाहिले आहे.

आणि शेवटची, सर्वांत अवघड मागणी. जमीन ताब्यात आल्यावर तिच्यावर काही उभारण्याचा मोह आवरा. कोनशिला, कारंजे, कमान, संगीतावर नाचणारे दिवे, खाऊगल्ली यांतले काहीही तिथे नको. कोनशिलेशिवाय झालेल्या कामाला श्रेय मिळत नाही, ही भीती प्रशासनात असते. पण टेकड्या ज्यांनी वाचवल्या त्यांची नावे पुणेकरांना आजही माहीत आहेत. नदीकाठ वाचवणाऱ्या आयुक्ताचे नावही हे शहर लक्षात ठेवील.

जमीन ही अशी एकच वस्तू आहे जी महापालिका उशिरा घेऊ शकत नाही. रस्ता उशिरा रुंद होतो, पूल उशिरा बांधला जातो, शुद्धीकरण केंद्र रखडून का होईना सुरू होते. भरावाखाली गेलेला काठ परत येत नाही. जमीन घेण्याचे अधिकार आज महापालिकेकडे आहेत, कायदा आपल्या बाजूला आहे, मुदत अजून संपलेली नाही. येत्या अंदाजपत्रकात नदीकाठ खरेदीचे स्वतंत्र शीर्ष उघडा आणि पहिली रक्कम त्यात ठेवा, ही हात जोडून विनंती.

आपला,
मुळेकाठी राहणारा एक पुणेकर
औंध, पुणे